सशाचा श्वास आणि आपल्या खोलीची हवा



या पानावर आपण नेहमी माणसांच्या दुखण्यांविषयी बोलतो. या वेळी घरात पाळलेल्या सशाविषयी बोलायचे आहे. वस्तीत ससे पाळणारी घरे आता कमी नाहीत. मुले हट्ट करतात, बाजारातून पांढऱ्या पिल्लांची जोडी येते आणि दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात पिंजरा लागतो. काही आठवड्यांनी ससा शिंकू लागतो. “सर्दी झाली असेल, जाईल आपोआप,” असे म्हणून दिवस जातात. बरेच ससे याच दुखण्याने मरतात.

हा लेख लिहिण्यामागे आमची एक चूक आहे. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका वस्तीत आम्ही लहान मुलांची वजने घ्यायला गेलो होतो. एका घरात सहावीतल्या मुलीने आपला ससा आमच्यापुढे आणून ठेवला. त्याच्या नाकातून पांढरट शेंबूड येत होता. तिची आई म्हणाली, “सिस्टर, बाळाच्या सर्दीचं औषध उरलंय. त्यातलं थोडंसं ह्याला देऊ का?” बाटली अमॉक्सिसिलिनची होती. आम्ही माणसांच्या औषधांचे शिक्षण घेतलेल्या. “द्या थोडंसं, एवढ्याने काय होतंय,” असे आम्हीच म्हणालो. तिसऱ्या दिवशी सशाला पातळ जुलाब सुरू झाले, त्याने खाणे सोडले आणि पाचव्या दिवशी तो गेला. पुढे एका पशुवैद्यकाशी बोलताना कळले की हे औषध सशाच्या पोटात गेले की त्याला मारू शकते. मुलीने आम्हाला काही विचारले नाही. तिला विचारायचे असते तरी आमच्याकडे उत्तर नव्हते.

ते घर नंतर नीट आठवून पाहिले. पिंजरा स्वयंपाकाच्या ओट्याखाली होता. त्यात सुताराकडून आणलेला लाकडाचा भुसा पसरला होता. रात्रभर पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर मच्छरांची कॉईल जळत असे. म्हणजे औषधाची वेळ येण्याआधीच सशाला आजारी पाडणारी तीन कारणे त्या खोलीत होती. ती आम्ही पाहिली नाहीत. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे होऊ नये, म्हणून हा लेख.

ससा नाकानेच श्वास घेतो

आपले नाक चोंदले की आपण तोंडाने श्वास घेतो. सशाला ते जमत नाही. त्याच्या घशाची रचनाच अशी आहे की हवा नाकातूनच आत जाते. म्हणून आपल्याला जी साधी सर्दी वाटते, ती सशासाठी गळा आवळल्यासारखी असते. ससा तोंड उघडून, मान वर ताणून श्वास घेताना दिसला, तर तो जिवाच्या टोकाला आला आहे असे समजा आणि त्याच क्षणी दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट त्याच्या छातीची. सशाचे पोट मोठे आणि छाती लहान असते. हृदय व फुप्फुसे त्या लहानशा जागेत बसवलेली असतात. पोटात वायू धरला किंवा मुलांनी लाडाने छाती घट्ट दाबली, तरी श्वासाला जागा उरत नाही. आजारी सशाला उताणे धरू नये. कान धरून तर कोणत्याच सशाला उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घेऊन, अंगाशी धरून उचलावे.

तिसरी गोष्ट त्याच्या उंचीची. सशाचे नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. झाडूने उडालेली धूळ, लघवीचा उग्र वास, जमिनीवर ठेवलेल्या कॉईलचा धूर हे सगळे त्याच उंचीवर दाट असते. आपण उभे राहून “हवा बरी आहे” म्हणतो, तेव्हा खाली बसलेला ससा वेगळीच हवा घेत असतो.

दुखणे कोणते असते?

सशांच्या श्वासाच्या दुखण्याला बहुतेक वेळा जंतू कारण असतात. त्यांत पाश्चुरेला नावाचा जंतू मुख्य. बोर्डेटेला हाही एक आहे. पुष्कळ निरोगी दिसणाऱ्या सशांच्या नाकात हे जंतू आधीपासून असतात आणि त्रास देत नाहीत. मग ससा आजारी केव्हा पडतो? नाकाच्या आतले अस्तर धुराने, धुळीने किंवा लघवीच्या वाफेने दुखावले की. त्या अस्तरावर बारीक केसासारखे तंतू असतात आणि ते जंतूंना सतत बाहेर ढकलत असतात. हे तंतू निकामी झाले की जंतू आत उतरतात. उन्हाचा तडाखा, गर्दी, भीती, आईपासून फार लवकर तोडणे यांनीही अंगातली ताकद कमी होते आणि दुखणे वर येते.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की ठेवा. औषधाने दुखणे आटोक्यात येते, पण जंतू नाकातून पुरते जातीलच असे नाही. बरा झालेला ससा पुन्हा त्याच धुरात ठेवला, तर महिन्याभरात तो पुन्हा शिंकतो. डॉक्टरचे पैसे जातात आणि आपण म्हणतो, औषध लागू पडले नाही.

सगळीच शिंक जंतूंची नसते. धुळीच्या गवतात तोंड घातल्यावर ससा दोनचार वेळा शिंकला आणि नाक कोरडे असले, तर गवत झटकून, बदलून पाहावे. पण पुढील खुणा दिसल्या तर थांबू नये.

नाकातून पांढरा किंवा पिवळसर दाट स्राव येतो. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून कडक झालेले असतात, कारण ससा त्याच पायांनी नाक पुसतो. नाक स्वच्छ दिसले तरी पाय खोटे बोलत नाहीत. डोळ्यातून सतत पाणी येते. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. कुशी जोरात आत-बाहेर होतात. खाणे कमी होते, वजन उतरते. कधी मान एका बाजूला कलते. संसर्ग कानात गेल्याची ती खूण असू शकते. दातांची मुळे वाढून नाकाच्या व डोळ्याच्या वाटेवर दाब आला तरी पाणी येते, म्हणून डॉक्टरला दात पाहायला सांगावे.

श्वास मोजायला शिका. ससा शांत बसलेला असताना, त्याला हात न लावता, कुशीची हालचाल अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. निरोगी सशाचा श्वास मिनिटाला साधारण ३० ते ६० असतो. निरोगी असतानाच दोनचार वेळा मोजून वहीत लिहून ठेवा. मग वाढलेला श्वास तुम्हाला लगेच ओळखू येईल. घरातली मुले हे काम आवडीने करतात.

लघवीचा वास: पहिला शत्रू

सशाची लघवी साचली की तिच्यातून अमोनिया वायू निघतो. डोळ्यांना झोंबणारा तोच वास. हा वायू नाकाचे अस्तर जाळतो. आपल्या नाकाला वास येऊ लागतो, तोवर पिंजऱ्यात बसलेल्या सशाने तो कितीतरी वेळ घेतलेला असतो. म्हणून वास येण्याची वाट पाहायची नाही, रोज साफ करायचे.

ससा बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तो कोपरा ओळखा. तिथे घमेले किंवा प्लॅस्टिकचा पसरट टब ठेवा. तळाला वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे जाड थरात घाला, वर मूठभर वाळलेले गवत पसरा. सशाच्या थोड्या लेंड्या त्यात टाका, म्हणजे जागा कोणती हे त्याला कळते. आठवड्याभरात बहुतेक ससे टबात जायला शिकतात. रोज सकाळी टब रिकामा करून धुवा. शक्य असेल तर दोन टब ठेवा. एक उन्हात वाळेल, दुसरा वापरात राहील.

सशाच्या लघवीत चुना जास्त असतो. त्याचे पांढरे थर टबाला चिकटतात आणि वास धरून ठेवतात. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन तो भाग भिजवावा, दहा मिनिटांनी घासावा, साबणाच्या पाण्याने धुवावा आणि उन्हात पूर्ण वाळवावा.

इथे एक धोका सांगणे आमचे काम आहे. लघवीवर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी कधीही टाकू नये. लघवीतला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. ब्लीच आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणातूनही तसाच वायू निघतो. बंद खोलीत तो सशाला आणि बाळालाही घातक आहे. फिनेलचा उग्र वासही सशाजवळ नको. साबण, पाणी आणि ऊन यांनी काम भागते.

लाकडाचा भुसा अंथरू नये. त्यातली बारीक भुकटी थेट नाकात जाते आणि देवदार, चीड अशा वासाच्या लाकडाचा भुसा तर श्वासाला जास्तच त्रास देतो. गोणपाटही घालू नये. ससा त्याचे दोरे चावतो आणि ते पोटात अडकतात.

धूर आणि वास

खोली एकच आणि तीत चूल, झोपणे, अभ्यास सगळे. अशा घरात धुराला वाट कमी. तरी काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

मच्छरांची कॉईल पहिल्यांदा बंद करा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की एक कॉईल पूर्ण जळताना जेवढे अतिसूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या कणांएवढे असतात. ज्या घरात कोणी विडीला हात लावत नाही, त्या घरातही रात्रभर हा धूर कोंडलेला असतो. मच्छरदाणी लावा. मोठ्या मच्छरदाणीत आई-मुले झोपतात. पिंजऱ्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकला की ससाही सुरक्षित. तुकडा पिंजऱ्याच्या गजांपासून थोडा दूर ताणून बांधावा, नाहीतर ससा तो चावतो. खोलीत फवारायची कीटकनाशके सशाजवळ वापरू नयेत.

वंदनेच्या वेळी अनेक घरांत अगरबत्ती लागते. ससा आजारी असेल तेव्हा फुले आणि मेणबत्ती एवढ्यावर भागवावे; अगरबत्ती लावायचीच असेल तर ती उंबऱ्याबाहेर. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने घराबाहेरच ओढावी. हे सशासाठी म्हणून सांगितले तर काही घरांत लवकर ऐकले जाते, असा आमचा अनुभव आहे.

मिरचीची फोडणी, तळण, रॉकेलचा स्टोव्ह यांपासून पिंजरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. ठसका लागणारी फोडणी द्यायची असेल, तर दहा मिनिटे पिंजरा दाराबाहेर सावलीत न्या आणि कोणीतरी शेजारी बसा. कुत्री-मांजरे टपलेली असतात. महापालिकेची धूरफवारणी आली की सशाला धूर नसलेल्या बाजूच्या घरात हलवा आणि धूर विरल्यावर, दारे उघडून हवा खेळल्यावरच परत आणा. दिवाळीच्या फटाक्यांत धूर आणि दणका दोन्ही असतात. त्या रात्री पिंजरा भिंतीलगत, रस्त्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ठेवा.

धूळ

झाडू मारण्याआधी फरशीवर थोडे पाणी शिंपडा, किंवा थेट ओल्या फडक्याने पुसा. सुपाने धान्य पाखडणे, गोधडी झटकणे, गादी बडवणे ही कामे दाराबाहेर करा. टाल्कम पावडर, रांगोळी, चुन्याची भुकटी सशाजवळ उडू देऊ नका. सशाचे केस गळण्याचे दिवस असले की एक दिवसाआड ओलसर हात फिरवून सुटे केस काढून टाका.

गवत हे सशाचे मुख्य अन्न आहे, म्हणून ते बंद करता येत नाही. ते निवडून घ्यावे लागते. तबेल्याजवळ किंवा बाजारात मिळणारे गवत आणल्यावर बाहेर नेऊन जोरात झटका. काळे-पांढरे ठिपके, कुबट वास असेल तर ते बुरशी धरलेले गवत समजा आणि फेकून द्या. बुरशीचे कण फुप्फुसात जातात. आजारी सशाला वाळलेल्या गवतावर थोडे पाणी शिंपडून द्यावे, म्हणजे धूळ उडत नाही. ओले केलेले गवत दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

ऊन, पाऊस, थंडी

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. त्याला १५ ते २१ अंश तापमान मानवते आणि ३० च्या वर उष्माघाताचा धोका सुरू होतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होते, हे आपल्याला सांगायला नको. ज्याचे नाक चोंदले आहे, त्या सशाला ही दुपार झेपत नाही.

पिंजरा पोटमाळ्यावर कधीही ठेवू नका. पत्र्याची धग तिथे सर्वांत जास्त. खाली, विटांवर, सावलीच्या भिंतीलगत ठेवा. पिंजऱ्यात लादीचा एक तुकडा ठेवा, ससा त्यावर पोट टेकून बसतो. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. शेजाऱ्यांच्या फ्रीजमधून दोन बाटल्या आणण्यात कमीपणा नाही. ओल्या हाताने कान पुसत राहा. बर्फाच्या पाण्यात ससा बुडवू नये. धक्क्याने तो मरू शकतो. पंख्याचा किंवा कूलरचा झोत थेट अंगावर नको. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत कूलर खोली गार करतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तो दमटपणा वाढवतो, म्हणून तिथे पंखा आणि उघडे दार बरे.

पावसाळ्यात मुंबईकडे हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो. सशाला ४० ते ६० टक्के मानवतो. एवढा फरक आपण पूर्ण भरून काढू शकत नाही, पण ओल कमी करू शकतो. ओले कपडे पिंजऱ्यावर वाळत घालू नका. भिंत पाझरत असेल तर पिंजरा हातभर पुढे ओढा. अंथरलेला कागद दिवसातून दोनदा बदला. दाराचा वरचा झरोका फळीने बुजवलेला असेल तर मोकळा करा. दार आणि झरोका समोरासमोर असले की हवा खेळते. सशाला मात्र त्या वाऱ्याच्या सरळ वाटेत न ठेवता थोडे बाजूला ठेवा.

थंडीत सशाला गारठ्यापेक्षा बंद खोलीतल्या धुराचा त्रास जास्त. पिंजऱ्याच्या तीन बाजू जुन्या चादरीने झाका, चौथी उघडी ठेवा. शेकोटी दारात पेटवू नका.

आजारी सशाची सेवा

आजारी ससा दुसऱ्या सशापासून वेगळा ठेवा. त्याचे भांडे, टब, फडके वेगळे. आधी निरोगी सशाचे काम करा, मग आजारी सशाचे, आणि शेवटी साबणाने हात धुवा. बाजारातून नवीन ससा आणला तर तो निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा. गिनीपिग आणि ससा एकत्र ठेवू नयेत, कारण सशाच्या नाकातला बोर्डेटेला गिनीपिगला जिवावर बेततो.

नाक दिवसातून तीनचार वेळा पुसा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून, पिळून, हलक्या हाताने सुकलेला स्राव सोडवा. नाकपुडीत काही घालू नका. बाम, कापूर, निलगिरीचे तेल सशाला लावू नका, जवळही ठेवू नका. उकळत्या पाण्याचे पातेले पिंजऱ्याजवळ ठेवून वाफ देण्यात ससा भाजण्याची भीती असते. डॉक्टरने वाफारायंत्र सांगितले तर ते त्यांनी दिलेल्या द्रवानेच चालवावे आणि बाळाच्या यंत्राचा मुखवटा सशाला लावू नये.

खाण्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. वास येईनासा झाला की ससा खाणे सोडतो. सशाचे आतडे रिकामे राहिले की ते थांबते आणि मग श्वासाच्या आधी पोटानेच तो दगावतो. बारा तास ससा काही खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. कोथिंबीर, मेथी, पुदिना, मुळ्याचा व गाजराचा पाला धुऊन, थोडा ओलाच समोर ठेवा. वासाच्या पाल्याने भूक चाळवते. कांदा, लसूण, बटाटा, पोळी, बिस्किटे देऊ नका. दर आठवड्याला त्याच तराजूवर वजन करा आणि लिहून ठेवा. केसांच्या खाली झालेली खंगट डोळ्यांना दिसत नाही, तराजूवर दिसते.

औषधाविषयी

घरात उरलेले कोणतेही औषध सशाला देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, पेनिसिलिन ही औषधे तोंडाने दिली, तसेच क्लिंडामायसिन व लिंकोमायसिन दिले, तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि घातक जंतू माजतात. जुलाब लागतो आणि ससा काही दिवसांत मरतो. आमच्या हातून हेच झाले. बाळाचे खोकल्याचे औषध, तापाची गोळी हेही नको. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरायचे फिप्रोनिल सशावर टाकू नये, तेही त्याला विष आहे.

सशाला चालणारी प्रतिजैविके आहेत. कोणते, किती, तोंडाने की सुईने, हे पशुवैद्यकाने ठरवायचे. श्वासाच्या दुखण्यात औषध कित्येक आठवडे चालू शकते. शिंका थांबल्या म्हणून मधेच बंद केले तर दुखणे दुप्पट जोराने परतते. नाकातला स्राव तपासणीला पाठवता येतो का, तेही विचारा.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात खर्च कमी येतो. परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत जनावरांवर उपचार होतात. पुष्कळ डॉक्टरांचा हात गाई-म्हशी व कुत्र्यांवर बसलेला असतो. “हे औषध सशाला चालते ना?” असे विचारायला लाजू नका. जाताना ससा टोपलीत, जाड कापडावर, झाकणाला भोके ठेवून न्या. पिशवीत घालून नेऊ नका. दुपारची वेळ टाळा.

“माणसांचे हाल, आणि सशाचे काय घेऊन बसलात?”

हा प्रश्न आम्हाला वस्तीत विचारला गेला आहे, आणि तो चुकीचा नाही. जिथे आजीच्या दम्याच्या पंपाला पैसे पुरत नाहीत, तिथे सशाच्या नाकावर चार पाने कशाला?

आमचे उत्तर असे. सशाचे नाक वीतभर उंचीवर आहे. रांगणाऱ्या बाळाचेही नाक जवळपास तेवढ्याच उंचीवर असते. कॉईलचा धूर, फोडणीचा ठसका, पाझरणाऱ्या भिंतीची बुरशी, झाडूची धूळ यांतले काहीच फक्त सशाला लागत नाही. तो लहान आहे म्हणून आधी शिंकतो, एवढेच. वर सांगितलेली बहुतेक कामे बिनपैशाची आहेत आणि ती केल्यावर जी हवा सुधारते, ती घरातल्या सगळ्यांची.

उलट बाजूही सांगायला हवी. घरात दम्याचे मूल असेल आणि ससा आणल्यापासून त्याचा खोकला वाढला असेल, तर सशाचे केस व गवताची धूळ हे कारण असू शकते. डॉक्टरला ससा असल्याचे सांगा, लपवू नका. गरज पडली तर ससा दुसऱ्या चांगल्या घरी द्यावा. सशाला रस्त्यावर किंवा बागेत सोडून देऊ नये. पाळीव ससा तिथे एक रात्रही काढत नाही.

ज्यांच्या घरी अजून ससा नाही, त्यांनी मुलांना हो म्हणण्याआधी विचार करावा. नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो. पाचवीतले मूल कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत हे काम आपल्यामागे राहील. आठ आठवड्यांच्या आतले, आईपासून तोडलेले पिल्लू घेऊ नये. नाक ओले, पाय चिकट असलेला ससा दया येऊन घेऊ नये, निदान घरी दुसरा ससा असताना तरी. रानातून धरलेला ससा तर मुळीच नको. तो वेगळ्या जातीचा प्राणी आहे, पिंजऱ्यात जगत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला धरणे गुन्हा आहे.

पिंजऱ्याजवळच्या भिंतीवर लावायला

१. टब रोज धुवायचा. ब्लीच नाही, फिनेल नाही.
२. कॉईल नाही, मच्छरदाणी.
३. पिंजरा चुलीपासून लांब, पत्र्यापासून खाली, ओल्या भिंतीपासून पुढे.
४. गवत बाहेर झटकून द्यायचे. भुसा अंथरायचा नाही.
५. आठवड्याला वजन. श्वास मिनिटाला ६० च्या वर राहू लागला तर दवाखाना.
६. बारा तास खाल्ले नाही, किंवा तोंड उघडून श्वास घेतला, तर लगेच दवाखाना.
७. माणसांचे औषध एक थेंबही नाही.

त्या सहावीतल्या मुलीच्या घरी आम्ही नंतर गेलो. त्यांनी दुसरा ससा आणला नाही. कॉईलही आता लागत नाही; खाटेवर मच्छरदाणी आहे आणि तिच्या आत धाकटा झोपतो. ओट्याखालची जागा रिकामी होती. मुलीने आम्हाला पाणी दिले आणि म्हणाली, “सिस्टर, पाचव्या गल्लीत एकाकडे ससा आहे. तो शिंकतो. त्यांना मी औषध देऊ नका म्हणून सांगितलंय. तुम्ही येऊन बाकीचं सांगा.”

बाकीचे ते हे. ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांना वाचून दाखवा.